गॅरेजच्या दाराच्या टॉर्शन स्प्रिंग बदलणे: कडक उन्हाळ्यातल्या कामाच्या नोंदी

दार: स्टीलचं, चार पॅनलचं, रुंदी ४.९ मीटर, उंची २.१३ मीटर. दाराच्या वर आडवा पोकळ शाफ्ट, त्यावर मधल्या ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना एकेक टॉर्शन स्प्रिंग (पीळ भरून ताकद साठवणारी), टोकांना दाराची केबल गुंडाळणारे ४ इंची ड्रम. दार उघडायला मोटर. ट्रॅकला समांतर ताणलेल्या लांब स्प्रिंग असतील तर ती रचना वेगळी, तिथे या नोंदी लागू होत नाहीत.

२२ एप्रिल: डावी स्प्रिंग तुटली

दार बंद असताना तुटली. बहुतेक वेळा असंच होतं, कारण दार खाली असताना पीळ पुरा भरलेला असतो. वेढ्यांमध्ये सुमारे ४० मिमीची फट दिसते. एवढी फट पाहून कुणाला वाटेल तुकडा उडाला, पण तसं नाही. पीळ भरताना स्प्रिंग दर फेऱ्याला एका तारेच्या जाडीइतकी लांब होते, तुटली की तेवढीच आखडते.

पहिलं काम म्हणजे मोटरचा प्लग काढणे. एका स्प्रिंगवर मोटर चालवली तर अर्ध्या दाराचं ओझं तिच्या गिअरवर येतं, आणि तो गिअर बऱ्याच मोटरींमध्ये नायलॉनचा असतो.

दुसरं, गाडी आत असेल तर आजच बाहेर काढावी. एक स्प्रिंग शाबूत असेपर्यंत दोन माणसं दार उचलू शकतात. दोन्ही बाजू एकदम, समपातळीत उचलायच्या. एक बाजू पुढे गेली की दुसऱ्या बाजूची केबल ड्रमवरून उतरते. वर गेल्यावर दोन्ही ट्रॅकला खालच्या रोलरखाली व्हाइस ग्रिप (लॉक होणारी पक्कड) पकडवायचे, गाडी काढायची, दार पुन्हा खाली. त्यानंतर काम संपेपर्यंत दाराला हात नाही.

तुटलेली जागा टॉर्चने पाहिली. मधल्या ब्रॅकेटजवळ, न फिरणाऱ्या कोनापासून (कोन म्हणजे स्प्रिंगच्या टोकात बसवलेला ओतीव धातूचा तुकडा) चौथ्या वेढ्यावर. तारेच्या तुटलेल्या तोंडाचा एक तृतीयांश भाग काळपट-तांबूस, उरलेला चकचकीत करडा. काळपट भाग म्हणजे जुनी चीर, ती गंजाच्या एका खड्ड्यापासून सुरू झाली आणि हळूहळू आत गेली. चकचकीत भाग शेवटच्या क्षणी तुटला. तेवढ्याच भागात वेढ्यांवर तेलाचा मागमूस नाही, फक्त तपकिरी भुकटी. दुपारी शाफ्टजवळ थर्मामीटर लावला तर ५८ अंश. छताखालची ही जागा गॅरेजमधली सगळ्यात तापणारी, आणि पातळ तेल तिथे टिकत नाही.

उन्हाने स्प्रिंग ढिली पडली, असं सर्रास म्हटलं जातं. पोलादाची ताठरता २० वरून ६० अंशांवर गेल्यावर जेमतेम एक टक्क्याने उतरते. या दाराच्या हिशेबात तो फरक किलोभराचा. तेवढ्याने स्प्रिंग तुटत नाही, दारही खाली येत नाही. ऊन मारतं ते तेलाला, रबराला आणि काम करणाऱ्याला.

२४ एप्रिल: मोजमाप

तुटलेल्या स्प्रिंगमध्ये पीळ उरलेला नसतो, म्हणून माप तिच्यावरच घ्यायचं. शाबूत स्प्रिंग भरलेली आहे, ती लांबही आहे आणि धोकादायकही.

चार मापं लागतात: तारेची जाडी, आतला व्यास, लांबी, पिळाची दिशा.

तारेची जाडी एका वेढ्यावर व्हर्नियर लावून घेऊ नये. २० वेढे घट्ट जुळवून एकत्र मोजायचे आणि २० ने भागायचं. पहिलं माप १०७ मिमी आलं, म्हणजे जाडी ५.३५. या मापाची तार प्रचलित यादीत नाही, तेव्हाच शंका आली. वेढ्यांमधला गंज आणि चिकट मळ तारेच्या ब्रशने काढून पुन्हा मोजलं तर १०५ मिमी, म्हणजे ५.२५. ही ०.२०७ इंची तार, ५.२६ मिमी. खात्रीसाठी १० वेढे वेगळे मोजले, ५२.५ मिमी आले. हा खटाटोप कशाला, तर स्प्रिंगचा जोर तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. ५.२६ च्या जागी ५.३५ धरलं तर हिशेबात ७ टक्के जोर फुकट वाढतो, आणि या दारावर ते पाच-सहा किलो होतात.

आतला व्यास २ इंच. कोनावर ओतीव आकड्यांत २०० लिहिलेलं सापडलं. लांबी: दोन्ही तुकडे एकमेकांना भिडवून, कोन सोडून फक्त वेढे, ५९० मिमी.

दिशा: नेहमीच्या रचनेत दाराकडे तोंड करून आतून पाहिलं तर मधल्या ब्रॅकेटच्या डावीकडे उजव्या पिळाची आणि उजवीकडे डाव्या पिळाची स्प्रिंग असते. कोनाला लावलेल्या रंगावर जाऊ नये, तो उडतो किंवा कुणी नंतर फासलेला असतो. जुन्या स्प्रिंगचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, तारेचं सुटं टोक कुठल्या दिशेला बघतंय हे दिसेल असे.

२६ एप्रिल, पहाट: शाबूत स्प्रिंगचा पीळ उतरवला

दोन्ही एकदमच बदलायच्या. दोघींनी सारख्याच उघडझापी सोसल्या आहेत. एक गेली म्हणजे दुसरीही काठावर आहे.

या कामात दार बंद ठेवावं लागतं, म्हणजे वारा बंद. म्हणून वेळ पहाटेची. सव्वापाचला शाफ्टचं तापमान ३१ अंश होतं, नऊ वाजता ४४. पत्र्याचं दार पूर्वेकडे तोंड करून असेल तर आठच्या आतच हात आवरते घ्यावेत. पंखा बाजूने लावला, समोरून लावला तर गंजाची भुकटी डोळ्यांत येते.

हत्यारं: अर्धा इंच जाडीचे, ४५० मिमी लांबीचे दोन भरीव पोलादी वाइंडिंग बार, म्हणजे कोनाच्या भोकात घालून पीळ फिरवायच्या दांड्या. स्क्रू-ड्रायव्हर, बांधकामाची सळई, पाइपचा तुकडा, यांतलं काहीही चालत नाही. कोनाच्या भोकात बार सैल बसला की भाराखाली तिरका होतो आणि निसटतो. विकत घेतलेला बारही आधी घालून पाहावा. काही कोनांची भोकं मोठी असतात. बार भोकात तळापर्यंत गेला पाहिजे. किती आत जातो ते मोजून बारवर टेपची खूण केली, म्हणजे दरवेळी नजरेनेच कळतं.

भरलेल्या स्प्रिंगमध्ये इथे सुमारे ४७० जूल ऊर्जा आहे. ४८ किलोचं पोतं एक मीटरवरून पडावं तेवढी. पण बारच्या टोकाशी हाताला लागणारा जोर फक्त पाच किलोचा. इथेच माणूस गाफील होतो. हाताला हलकं लागतं, आणि बार निसटला की ती सगळी ऊर्जा एकाच क्षणी त्या लोखंडात येते.

उभं राहायचं बाजूला. डोकं आणि खांदा बारच्या फिरण्याच्या पातळीत कधीही नको. शिडी स्प्रिंगच्या थेट खाली न लावता कोनाच्या बाहेरच्या अंगाला लावली.

कोन शाफ्टवर पकडून ठेवणारे सेट स्क्रू गंजून चिकटले होते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकलं होतं, ते सकाळपर्यंत उडून गेलेलं. पुन्हा टाकून तासभर थांबल्यावर सुटले. चौकोनी डोक्याला उघड्या तोंडाचा पाना न लावता बंद तोंडाचा लावला. डोकं गोल झालं तर भरलेल्या स्प्रिंगवर ग्राइंडर चालवायची पाळी येते, आणि ते टाळायचंच असतं.

क्रम: पहिला बार आत घालून भार हातावर घ्यायचा. मग सेट स्क्रू ढिले करायचे. बार पाव फेरा खाली आणायचा, दुसरा बार पुढच्या भोकात तळापर्यंत, भार त्याच्यावर गेला की पहिला काढायचा. एक बार कायम कोनात. मोजत मोजत उतरवलं तर ३१ पाव फेरे निघाले.

हा आकडा टिपून ठेवण्यासारखा. २.१३ मीटर उंचीच्या दाराला ४ इंची ड्रमवर साडेसात फेरे लागतात, म्हणजे ३० पाव. ड्रमचा एक वळसा ३१९ मिमीचा. उंचीला तेवढ्याने भागलं की ६.७, वर ०.८ फेरा केबल वर गेल्यावरही ताणलेली राहावी म्हणून. पूर्वी कुणीतरी एक पाव जास्त भरला होता. याचा अर्थ स्प्रिंगला दार झेपत नव्हतं.

२६ एप्रिल, सकाळी साडेसात: दाराचं वजन

दोन्ही स्प्रिंग सैल झाल्यावरच दाराचं खरं वजन कळतं. लाकडी पाचर आणि पहारीने एकेक टोक ४० मिमी उचलून खाली दोन वजनकाटे सरकवले. डावा ४१.५, उजवा ४०.५. एकूण ८२ किलो. रोलर ट्रॅकमध्ये अडकून वजन कमी दाखवू नये म्हणून दार एकदा हलवून पुन्हा टेकवलं, आकडे तेच.

जुन्या स्प्रिंगचा हिशेब केला: साडेसात फेऱ्यांवर दोघी मिळून ७५ किलो पेलत होत्या. फरक कुठून आला ते दाराच्या आतच दिसतं. पॅनलांच्या खोबणीत उष्णतारोधक फोमचे पत्रे नंतर बसवलेले आहेत. तापणाऱ्या गॅरेजात हे सगळेच करतात आणि योग्यच करतात, पण पत्रे बसवल्यावर स्प्रिंगचा विचार कुणी करत नाही. एक जास्तीचा पाव फेरा देऊनही अडीच किलोच भरून निघाले. उरलेले साडेचार किलो मोटर दरवेळी ओढत होती.

२७ एप्रिल: कोणती स्प्रिंग मागवायची

जुन्या मापाची हुबेहूब मागवली असती तर तेच दुखणं परत आलं असतं. ८२ किलोसाठी दोन पर्याय काढले.

एक, तार तीच ५.२६ मिमी, लांबी ५४६ मिमी. वेढे कमी केले की जोर वाढतो. दार पेलेल, पण तारेतला ताण सुमारे १,४३० मेगापास्कलवर जातो.

दोन, तार ५.७२ मिमी, लांबी ८१२ मिमी. जोर तोच, ताण सुमारे १,११०. म्हणजे २२ टक्के कमी.

नेहमीच्या स्प्रिंगचं आयुष्य १०,००० उघडझापी धरलेलं असतं. दिवसाला चार वेळा दार उघडलं तर सात वर्षंही पुरत नाहीत. तारेतला ताण थोडा कमी केला तरी आयुष्य त्या मानाने कितीतरी वाढतं. गंजाचा खड्डा पडला तरी कमी ताणाच्या तारेत चीर सावकाश सरकते. गरम आणि दमट जागेत हे महत्त्वाचं, कारण तिथे तेल लावायला महिनाभर उशीर झाला की गंज वाट बघत नाही.

किंमत: एका स्प्रिंगचं पोलाद तीन किलोवरून पाच किलोवर जातं आणि भाव साधारण त्याच प्रमाणात चढतो. बाकी सगळं सामान आणि मेहनत सारखीच, म्हणून दुसरा पर्याय. शाफ्टवर जागा आहे का ते आधी बघावं. भरल्यावर स्प्रिंग आणखी ४३ मिमी वाढते, शिवाय ड्रमपर्यंत बार फिरवायला हात जायला हवा. इथे अर्ध्या बाजूला सव्वादोन मीटरहून जास्त जागा आहे.

जस्त चढवलेली की काळी, तेलात पाणी दिलेली? जस्ताची सहज गंजत नाही, दिसायलाही छान, पण लवकर सैल पडते आणि पुन्हा पीळ द्यावा लागतो. काळी मागवली. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत मत बदलू शकतं.

सोबत मधलं बेअरिंग, टोकांची दोन बेअरिंग आणि केबलची जोडी. जुन्या केबलचे दोन धागे खालच्या ब्रॅकेटजवळ तुटलेले होते.

९ मे: चुकीचा माल

पार्सल आलं. चिठ्ठीवर माप बरोबर, लांबी ८१२ बरोबर, पिळाच्या दिशा बरोबर. २० वेढे मोजले तर ११९ मिमी. हवे होते ११४.५. म्हणजे तार ५.९४ मिमीची.

पाव मिमीच्याही आतला फरक, चालवून घ्यावा असा मोह होतो. हिशेब: ही जोडी साडेसात फेऱ्यांवर ९८ किलो उचलेल. ८२ किलोचं दार हातातून सुटून वर आपटेल. मग फेरे कमी करावेत? ८२ किलोसाठी सव्वासहा फेरे पुरतात, पण दार पूर्ण वर जायलाच ६.७ फेरे खर्च होतात. म्हणजे दार वर पोचायच्या आत पीळ संपणार, केबल ढिली होऊन ड्रमवरून उतरणार. जास्त ताकदीची स्प्रिंग कमी भरून जुळवता येत नाही. परत पाठवली. अकरा दिवस गेले.

स्प्रिंग पेटीतून काढल्या काढल्या २० वेढे मोजायचे, शाफ्टवर चढवल्यावर नाही.

२० मे

नवी जोडी आली. ११४.५ मिमी, दोन्ही. एक उजवा पीळ, एक डावा.

२१ मे, पहाट: जुनं काढून नवं चढवलं

मधल्या ब्रॅकेटचे दोन बोल्ट काढले, ड्रम ढिले केले, शाफ्ट एका बाजूला सरकवून जुन्या स्प्रिंग उतरवल्या. शाफ्ट जड नाही पण लांब आहे, दुसऱ्या टोकाला माणूस हवाच.

शाफ्टवर जुन्या सेट स्क्रूंनी खळगे पाडून कडा वर आणल्या होत्या. त्या कानशीने घासून सपाट केल्या, नाहीतर नवं बेअरिंग सरकत नाही आणि ठोकून सरकवलं तर बिघडतं. टोकाची बेअरिंग हाताने फिरवून पाहिली. डाव्यातलं ग्रीस वाळून खडूसारखं झालेलं.

नवी केबल खालच्या ब्रॅकेटला लावली. हा ब्रॅकेट फक्त स्प्रिंग सैल असताना उघडायचा. पीळ भरलेला असताना याचे स्क्रू सोडले तर तो केबलसकट उडतो.

ड्रम बेअरिंगला टेकवून, दोन्ही केबल सारख्या ताणून सेट स्क्रू आवळले. सारख्या ताणलेल्या आहेत का ते बोटाने छेडून पाहायचं, दोन्हींचा आवाज सारखा आला पाहिजे. शाफ्ट उलटा फिरून केबल सुटू नये म्हणून त्याला व्हाइस ग्रिप लावून भिंतीला टेकवला. दोन्ही ट्रॅकला रोलरच्या लगेच वर आणखी दोन, म्हणजे भरताना दार उठणार नाही.

स्प्रिंगवर लांबीभर पिवळ्या रंगाची सरळ रेघ मारली. खडूची रेघ घामाच्या हाताने पुसली जाते. भरल्यावर ही रेघ स्प्रिंगभोवती गुंडाळते आणि किती फेरे भरले ते मोजता येतं. एवढ्यात आठ वाजले, थांबलो. अजून एकही फेरा भरलेला नाही, म्हणून थांबायला हरकत नव्हती.

२२ मे, पहाट: पीळ भरला

हातमोजे पातळ चामड्याचे, अंगाबरोबर बसणारे. सुती मोजे घामाने भिजले की बारवर घसरतात. दर आठ पाव फेऱ्यांनी बार कोरड्या फडक्याने पुसले. बार उन्हात किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवायचे नाहीत. ६० अंशांचं लोखंड उघड्या हाताला काही सेकंदांतच भाजतं, आणि हात झटकन सुटायला हीच वेळ सगळ्यात वाईट.

नेहमीच्या रचनेत दोन्ही बाजूंना बार वरच्या दिशेने ढकलून भरतात. पहिल्या दोन फेऱ्यांतच तपासायचं: स्प्रिंग लांब आणि बारीक होत गेली तर दिशा बरोबर. फुगली आणि आखूड झाली तर तिथेच थांबून उलट भरायचं.

डावी भरायला घेतली. विसाव्या पाव फेऱ्यावर उजवी केबल ढिली दिसली आणि डावी तारेसारखी ताणलेली. उजवा ड्रम शाफ्टवर घसरला होता. सेट स्क्रू जुन्याच खळग्याच्या काठावर बसला होता. भार आला तसा खळग्यात उतरला आणि ड्रम फिरला. कानशीने कडा घासल्या तरी खळगा राहतोच. इलाज एकच: वीसच्या वीस पाव फेरे उतरवले, दोन्ही ड्रम शाफ्टवर थोडे फिरवून स्क्रू कोऱ्या जागी आणले, केबल पुन्हा ताणल्या, मग आवळलं. दीड तास गेला. भार तसाच ठेवून ड्रम सरळ करायचा विचारही करू नये.

सेट स्क्रू किती आवळायचा हेही इथेच लिहितो. शाफ्टला टेकल्यावर पाऊण फेरा, बस. पोकळ शाफ्टवर त्याहून जास्त आवळलं तर पत्रा आत दबतो, शाफ्ट अंडाकृती होतो आणि पुढच्या वेळी कोन निघतच नाही.

पुन्हा सुरुवात. ३० पाव फेरे झाले, पिवळी रेघ साडेसात वेळा गुंडाळलेली. बार कोनात ठेवून कोन ६ मिमी बाहेर ओढला, मग स्क्रू आवळले. एवढं ओढल्याने वेढे एकमेकांवर दाबून घासत नाहीत आणि मध्ये तेल शिरायला जागा राहते. लांबी ८६१ मिमी भरली: ८१२ अधिक ४३ अधिक ६.

एकीकडे भरून झालं की पाणी प्यायला थांबावं, पण मध्येच कधीही नाही. चक्कर, हाताला कंप, चष्म्यावर वाफ, असं काही जाणवलं तर असेल तिथे सेट स्क्रू आवळायचे, बार काढायचा आणि उतरायचं. अर्धी भरलेली स्प्रिंग स्क्रूवर सुरक्षित राहते, थकलेल्या हातात राहत नाही.

उजवी सात वाजेपर्यंत भरून झाली. तिथे काही विशेष नाही.

२३ मे: तोल

आधी चारही गोष्टी काढल्या: दोन ट्रॅकवरचे व्हाइस ग्रिप, शाफ्टवरचा, आणि पाचर. ट्रॅकवरचा एक राहून गेला आणि मोटर चालवली तर वरचं पॅनल मधोमध दुमडतं.

मोटरची कडी सोडून दार हाताने उचललं. कमरेएवढ्या उंचीवर सोडलं, थांबलं. छातीपर्यंत नेलं, थांबलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर सोडलं तर सावकाश खाली गेलं, तेवढं चालतं. पूर्ण वर नेल्यावर केबल दोन्हीकडे ताणलेली. टांगत्या काट्याने खालून उचलून पाहिलं, सुरुवातीला साडेतीन किलो लागले.

इथे पाव फेरा द्यावा का? दोन्हीकडे एकेक पाव दिला तर या जोडीत पावणेतीन किलोचा फरक पडतो. कमरेवर दार थांबतंय, म्हणून काही केलं नाही.

२८ मे, दुपारी तीन: तेच दार, वेगळा आकडा

दार तापलेलं असताना पुन्हा काटा लावला. सुरुवातीला आठ किलो. उन्हाने स्प्रिंग ढिली पडल्याचा समज नेमका इथून जन्माला येतो, आणि लोक शिडीवर चढून एक पाव फेरा वाढवतात. संध्याकाळी तेच दार वर उडू लागतं.

दार १० सेंटीमीटर उचलून त्या उंचीवरून मोजलं, तर सकाळइतकाच जोर लागला. म्हणजे अडथळा फक्त जमिनीपाशी. तळाची रबरपट्टी तापून मऊ झाली होती आणि फरशीला चिकटत होती. पट्टी साबणाच्या पाण्याने धुतली, सिलिकॉन फवारलं, फरशीवरचा तेलकट डाग घासून काढला. पुन्हा मोजलं: चार किलो. स्प्रिंगला हात लावावा लागला नाही.

दुपारी दार जड वाटलं तर हा दहा सेंटीमीटरचा प्रयोग आधी करावा. वर गेल्यावरही जडच असेल तर रोलर आणि ट्रॅक बघावेत. ४.९ मीटरचं स्टील ४० अंशांच्या फरकाने अडीच मिमीच्या आसपास वाढतं. रोलरच्या दांड्याला ट्रॅकमध्ये तेवढीही मोकळीक ठेवलेली नसेल तर दुपारी तो घासतो.

मोटर जोडून जोराचं बटण पुन्हा लावलं. जुन्या कमजोर स्प्रिंगसाठी ते वाढवून ठेवलेलं होतं. तसंच राहिलं तर दाराखाली काही आलं तरी मोटर दाबत राहते. ४० मिमी जाडीची फळी आडवी ठेवून दार खाली सोडलं. टेकताच उलटं वर जायला हवं. दुसऱ्या प्रयत्नात गेलं.

१४ जून: फेरतपासणी

पिवळी रेघ अजून साडेसात. सेट स्क्रूंवर मारलेली रंगाची खूण जागेवर. दार कमरेवर थांबतं.

तेल: पातळ फवारा इथे कामाचा नाही, आठवड्यात उडतो. ग्रीसही नको, त्यात धूळ बसून घासणारा लेप तयार होतो. ३० नंबरचं साधं इंजिन ऑइल फडक्यावर घेऊन वेढ्यांवर पुसलं, दार बंद असताना, कारण तेव्हा वेढे भरलेले आणि किंचित सुटे असतात. जास्तीचं लगेच टिपलं, नाहीतर गाडीच्या टपावर ठिबकतं. उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी, एरवी तीन. ट्रॅकला तेल नाही, तो नुसता पुसायचा.

दाराच्या आतल्या बाजूला, डाव्या वरच्या पॅनलवर, पक्क्या शाईने लिहिलं: तार ५.७२, आत ५१, लांबी ८१२, फेरे साडेसात, दार ८२ किलो फोमसकट, उचल सकाळी साडेतीन किलो. पुढे कुणी फोम बदलला किंवा दारावर काही चढवलं तर आधी वजन करायचं.